फोटोखाली तारीख, वेळ आणि ठिकाण

बाबा,

गेल्या सोमवारी आई गेली असं आपल्या सगळ्या गणगोताला कळलं, आणि त्या वेळी ती माझ्या स्वयंपाकघरात बसून भेंडी पुसत होती. हसावं की रडावं ते मला अजूनही समजत नाही. प्रदर्शन झालं, माणसं येऊन गेली, भिंतीवरच्या फ्रेम उतरवून झाल्या, तरी फोन वाजला की मी अजून दचकते. तुम्हाला सांगायला बसले, कारण या सगळ्या गोंधळात शेवटी तुमचाही हात निघाला. तो तसा निघेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

आधी थोडं मागचं सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते आणि फोनला कॅमेरा नसायचा. लग्नानंतर मी दुबईला आले. आम्ही इंटरनॅशनल सिटीत राहतो, तुमचे जावई रोज हमरियाच्या फ्री झोनला नोकरीला जातात, आणि तुमचा नातू मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतो. आई आता आमच्याकडेच असते. मी ऑफिसची नोकरी सोडून फोटोग्राफी करते हे ऐकून तुम्हाला आनंद झाला असता, पण कसली फोटोग्राफी हे ऐकून कपाळावर आठी पडली असती. लग्नाचे नाहीत, पासपोर्टचे नाहीत. मला दिसेल ते काढायचं, चांगल्या कागदावर छापायचं, फ्रेम करायची आणि कुणाला तरी ते आपल्या भिंतीवर हवंसं वाटेल याची वाट बघायची. नुसती हातावर हात ठेवून वाट बघून भागत नाही. रोज इन्स्टाग्रामवर काहीतरी टाकायचं, महिन्याला एक ईमेल पाठवायची, अनोळखी माणसांच्या कौतुकाला उत्तरं द्यायची. टाकलं नाही तर लोक विसरतात आणि रोज टाकलं तर कंटाळतात. तुमचं बरं होतं. स्टँडसमोर स्टुडिओ, आणि स्टुडिओबाहेर तो काचेचा शोकेस. एसटीची वाट बघणारा माणूस दुसरं बघणार काय?

त्या शोकेसवरून तुम्ही मला एकदा फैलावर घेतलं होतंत. मी सातवीत आहे. आमच्या शिवणाच्या बाईंचा फोटो मला इतका आवडला आहे की तुम्ही जेवायला घरी गेल्यावर मी तो शोकेसमध्ये मधोमध लावून टाकला आहे. तुम्ही परत येता, सायकल लावता लावता काचेकडे बघता, आणि सायकल तशीच भिंतीला टेकवून आत येता. "बाईंना विचारलंस?" मी नाही म्हणून मान हलवली. "आपली नुसती काच आहे. चेहरा त्यांचा आहे. जा, विचारून ये." भर उन्हात मला बाईंच्या घरी पिटाळलंत. बाई हो म्हणाल्या आणि वर लाडूही दिला, पण ते तुमचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. मी आजवर ते माझ्याकडे फोटोग्राफी शिकायला आलेल्या प्रत्येकाला सांगत आले. मोठ्या अभिमानानं, माझ्या वडिलांचं म्हणून.

तर प्रदर्शन. माझं एकटीचं, पहिलंच. मुलांच्या मागोमाग या देशात आलेल्या, आमच्या बिल्डिंगमधल्या आणि आजूबाजूच्या आयांचे चेहरे. नाव साधंच, "आई". त्यातला सगळ्यात चांगला फोटो आपल्या आईचा. पांढरी भिंत, कृष्णधवल, सरळ कॅमेऱ्यात रोखलेली नजर. गॅलरीवाल्या बाई तो बघून म्हणाल्या होत्या, "हबीबती, ही बाई कॅमेऱ्याला अजिबात घाबरत नाही. निमंत्रणावर हाच टाक. एक चेहरा, एक शब्द, खलास. जास्त बोलू नकोस." मी इंग्रजी कार्ड केलं आणि त्याखाली सगळ्यांनी "स्टनिंग" लिहिलं. मग वाटलं, आपली माणसं कधी येत नाहीत, त्यांना त्यांच्या भाषेत बोलवावं. म्हणून मराठी कार्ड मी स्वतः केलं. आईचा फोटो, खाली "आई", त्याखाली तारीख, वेळ आणि ठिकाण, आणि शेवटी "आपली उपस्थिती प्रार्थनीय". फोनच्या पांढऱ्या पडद्यात पांढरी भिंत मिसळून जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी बारीक काळी रेघ ओढली. ते इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलं, घरच्या ग्रुपवर टाकलं, खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या खालांना, म्हणजे आमच्या मुसलमान मावशींना पाठवलं, कारण त्यांचाही फोटो प्रदर्शनात होता. फोन पर्सच्या तळाशी टाकला आणि फ्रेमवाल्याकडे शारजाला गेले.

बाबा, तुम्ही असतात तर एका नजरेत ओळखलं असतंत. गावातल्या किती घरांसाठी तुम्ही तसला फोटो मोठा करून दिलात! माझ्या मात्र डोक्यात गॅलरी होती.

फ्रेमवाल्याकडून बाहेर आले तर फोनवर न घेतलेल्या कॉल्सची रांग. पहिला लागला तो कराडच्या मामाचा. मामा रडत होता. "अगं, अक्काला झालं काय एकाएकी? परवाच बोलली माझ्याशी. बॉडी इकडे आणताय का तिकडेच उरकताय?"

मला वाटलं, मी बाहेर असताना घरी काहीतरी झालं आणि ते मला सोडून सगळ्यांना कळलं. कार्डाचा विचारसुद्धा मनाला शिवला नाही. आईचा फोन वाजत राहिला, उचलला नाही. यांचा लागेना. शारजाहून घरापर्यंत गाडी कशी आणली ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की सिग्नलला थांबले आणि शेजारच्या गाडीतला माणूस माझ्याकडे बघत होता, तेव्हा कळलं की मी मोठ्यानं "आई, आई" करत होते.

दार उघडंच होतं. सोफ्यावर खाला बसलेल्या, चेहरा पांढराफटक, आणि आई त्यांना पाणी पाजत होती. समोर टीपॉयवर एक कोरं करकरीत पातेलं. मी दारातच खाली बसले. आई मला बघून म्हणाली, "आली! ये. मी मेले म्हणून ह्या माझ्यासाठी खिचडी घेऊन आल्यात."

"या अल्ला, मी बेल वाजवली नि दार ह्यांनीच उघडलं," खाला छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "मी म्हटलं आज तुमच्याकडे चूल पेटायची नाय. आमच्या भांड्यात मटण शिजतं, म्हणून ड्रॅगन मार्टातून नवं पातेलं आणलं नि त्यात केली."

तेवढ्यात तुमचे जावई हमरियाहून धापा टाकत आले. त्यांच्या मॅनेजरनंच "यल्ला, यल्ला, घरी जा" म्हणून त्यांना गाडीत बसवून दिलं होतं. दुपारी नातू शाळेतून आला आणि दप्तर न काढता आज्जीला येऊन चिकटला. "माय टीचर सेड सॉरी टू मी. आज्जी, आर यू ओके?" आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "मला काय धाड भरलीय?"

माझं कार्डच लोकांना निधनाची बातमी वाटलं होतं, हे तोवर उलगडलं होतं. मग तिनं चष्मा लावला आणि मला सगळे शोकसंदेश वाचायला लावले. मी वाचत होते आणि ती एकेकाचा समाचार घेत होती. "अन्नपूर्णा म्हणे! हिला पोहे करून घातले तर नाक मुरडत खाल्लेन." खालांनाही हसू फुटलं. नंतर ती म्हणाली, "तो फोटो मोठा करून दाखव." तिनं तो तोवर पाहिलाच नव्हता. हो बाबा, मी दाखवला नव्हता, विचारलंही नव्हतं. आपल्या आईला काय विचारायचं, असं वाटलं असेल. ती बराच वेळ बघत राहिली. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "हा लावायचा नाही."

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण नाही. शनिवारी प्रदर्शन, निमंत्रणं गेलेली, पोस्टर छापलेलं, मधली भिंत त्या एका फोटोसाठी मोकळी ठेवलेली. तो नसेल तर प्रदर्शनात राहिलं काय? खाला घरी गेल्यावर मी तिच्यामागे लागले. "अपशकुन वाटतो का तुला?"

"अपशकुन कसला? माझ्याच नावाची खिचडी खाल्ली की मी."

"मग काय झालं?"

"मला सवय नाही गं," ती म्हणाली. "स्वतःला असं एकटीला बघायची."

"असं कसं? तू फोटोग्राफरची बायको!"

तेव्हा तिनं ते सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही भेंडी चिरता चिरता. "स्टुडिओतल्या त्या स्टुलावर मी किती वेळा बसले असेन, देवाला ठाऊक. ह्यांना लाइट लावायचा असायचा. नवरीमुलगी यायच्या आत मी बसायचं. मान वर, हनुवटी खाली, डोळे इकडे, हलू नकोस. नाकाची सावली बरोबर पडली की म्हणायचे, झालं, ऊठ. मग नवरी बसायची."

"आणि तुझा फोटो?"

"माझा कशाला? फिल्म काय झाडाला लागायची?" तिनं पुढची भेंडी उचलली. "एकदा पावडर लावून, चांगली साडी नेसून बसले होते. म्हटलं, आज स्वतःहून म्हणतील. तेव्हाही उठवलंन."

बाबा, मी सुन्न झाले. सकाळी मामाचा फोन आला तेव्हासुद्धा इतकी झाले नसेन. मी उठून जुने अल्बम काढले, फोनमधले काढले, मामाकडून मागवले. आई आहे. वाढदिवसाच्या घोळक्यात आहे, मंगळागौरीच्या रांगेत कडेला आहे, एका फोटोत माझ्यामागे तिचा नुसता हात आहे. प्रदर्शनासाठी मी काढलेले सोडले तर एकटी कुठंच नाही. अर्ध्या गावातल्या बायका आपल्या शोकेसमधून रस्त्याकडे बघत असायच्या, आणि तुमची स्वतःची बायको एकदाही नाही? रोज समोर बसत होती की ती! लाइट लावलेला, कॅमेऱ्यात फिल्म भरलेली, फक्त बटण दाबायचं होतं. कंजूष नव्हतात तुम्ही. मग काय होतं? मला तुमचा इतका राग आला की तुमचा फोटो मी भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवला. आणि ज्या नजरेचं गॅलरीवाल्या बाईंनी कौतुक केलं, ती माझी कमाई समजून मी मिरवत होते. ती नजर त्या स्टुलावर घडली होती. कुणी काढणार नाही हे ठाऊक असलेल्या बाईला कॅमेऱ्याची भीती कशी वाटेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "लाव. पण खालचं 'आई' काढ, माझं नाव घाल. माहेरचं आडनावसुद्धा. तुझी आई आहेच मी, ते सगळ्या गावाला कशाला सांगायचं? आणि मी येणार. तिथं खुर्ची ठेव." मी तिच्या कुशीत डोकं घालून रडले. ती म्हणाली, "पुरे, चहा निवतोय."

शनिवारी एवढी गर्दी लोटली की गॅलरीवाल्या बाई चकित झाल्या. माझ्या ईमेलनी आणि पोस्टनी कधी आली नव्हती ती सगळी मराठी माणसं आली. ज्यांनी ज्यांनी ग्रुपवर श्रद्धांजलीचे हात जोडले होते ती सगळी शरमून, फुलं घेऊन आली. आई नारायणपेठ नेसून आपल्याच फोटोखाली खुर्चीवर बसली होती. "काकू, सॉरी हं, ग्रुपवर सगळ्यांनी टाकलं म्हणून मीही..." असं कुणी सुरू केलं की ती म्हणायची, "असू दे. पुढच्या वेळी आधी फोन करा." लोक हसत होते, तिच्यासोबत सेल्फी काढत होते. मामाला व्हिडिओ कॉल लावून तिनं सबंध हॉल फिरवून दाखवला. मी तिला इतकी खुशीत कधी पाहिलेली नाही.

आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट सांगत होती. "पोरीनं मला एकटीला समोर बसवलं. माझ्यासाठी लाइट लावलान आणि माझाच फोटो काढलान." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातलं पाणी सांडलं. खाला शेजारीच उभ्या होत्या. त्यांना तो दिवस आठवत असणार, कारण त्या मान वळवून दुसऱ्याच फोटोकडे बघू लागल्या.

तुमच्यावर एवढी आगपाखड केली, आता हेही लिहिते. प्रदर्शनाच्या तयारीत मी आईला कितीतरी वेळा बसवलं, तिचे पुष्कळ फोटो काढले. भिंतीवरचा फोटो त्यातलाच एक, असं ती समजते. पण तो त्या सगळ्यांच्या आधीचा, अगदी पहिला. त्या दिवशी खालांचा फोटो काढायचा होता. त्या आतल्या खोलीत दुपट्टा नीट करत होत्या आणि मला लाइट बघायचा होता. मी आईला हाक मारली, "जरा बस गं इथं." कशासाठी ते मी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. सावली पडद्यावर नीट दिसावी म्हणून एकदा बटण दाबलं, कारण आता फिल्म वाया जात नाही. मग खालांना बसवायचं म्हणून आईला उठवलं. तिला हे मी सांगितलेलं नाही, बाबा. तिनं विचारलं तरी मी सांगणार नाही.