कढीपत्त्यावरची अळी

बाई, आज परसातल्या कढीपत्त्यावर एक अळी शोधायला मला पाऊण तास लागला. तू असतीस तर दूध उतू जायच्या आत तीन काढल्या असत्यास. तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुझ्याशी, सख्ख्या आईशी, खोटं बोललेलं अजून माझ्या पोटात आहे. तेच सांगायला बसले आहे.

निलंग्याच्या घरी तू कढीपत्त्याखालची जमीनसुद्धा सारवायचीस. शेजारणी हसायच्या. पण सारवलेल्या जमिनीवर अळीची बारीक लेंडी लगेच उठून दिसायची. ‘अळी हुडकू नको, लेंडी हुडक. मग नीट वर बघ,’ म्हणत, गळ्यातलं इष्टलिंग पदराआड सरकवून तू वाकायचीस. पानासारखीच हिरवी अळी बोटावर घ्यायचीस आणि मोठ्या लिंबोणीवर नेऊन सोडायचीस. मारली कधीच नाहीस; ‘गोड झाडालाच येत्यात त्या,’ म्हणायचीस. एकदा मी शहाणपणानं पानांवरची पाखरांची शीट तांब्याभर पाण्यानं धुऊन काढली. ‘आगं, शीट न्हवं ती, बारक्या अळ्या हायत! डोळे हायत का बटनं?’ मी रडतेय, तू बोलतेयस, आणि दोघी चिखलात बसून एकेक वेचतोय. तितक्या जवळ आपण पुन्हा बसलो नाही. मला तो चिखल फार हवासा वाटतो.

पुढं तुझे डोळे गेले आणि तू माझ्याकडे लातूरला आलीस. आल्या आल्या हा कढीपत्ता चाचपत स्वतः लावलास. झाड कमरेएवढं झालं तसं रोज सकाळी बाजेवरून विचारायचीस, ‘आल्या का गं अळ्या?’ मला डब्यांची घाई. ‘न्हाई बाई, एक बी न्हाई.’

‘खाली बघितलंस का?’

‘हाव, बघितलं.’

पावसाळा सरला आणि तू विचारायचं सोडलंस. ‘माझ्या हातचं झाड गोड न्हाई जणू,’ म्हणालीस आणि भिंतीकडं तोंड केलंस. त्या हिवाळ्यात तू गेलीस.

आज अळी दिसली तशी मी मोठ्यानं ओरडले, ‘बाई, आली गं!’ आतून ‘किती?’ असं कुणी विचारलं नाही. हा कागद कुठं पाठवणार, कपाटात ठेवून देईन. पण लिहून ठेवते, त्या सगळ्या सकाळी मी स्वयंपाकाच्या ओट्यापासून हललेच नव्हते, एकदाही नाही. तुझ्या झाडावर अळ्या आल्या होत्या की नाही, ते मलाही माहीत नाही.