वीसपैकी एक

३ जून
बाबांशी करार झाला. चित्रछपाईच्या वर्कशॉपच्या ३० तारखेच्या प्रदर्शनात माझ्या एकाच चित्राच्या वीस प्रिंट्स लागल्या, तर मी आर्टिस्ट. नाहीतर १ जुलैपासून मामाच्या ऑफिसात. मामाला आत्ताच सांगायला हवं, बाबा रे, दुसरा माणूस बघ.

४ जून
वर्कशॉपच्या बाईंनी पद्धत सांगितली. लिनोची, म्हणजे रबरासारख्या मऊ तक्त्याची, एकच शीट. वीसही कागदांवर आधी पिवळा छापायचा. मग तीच शीट आणखी कोरून वर लाल. आणखी कोरून काळा. कोरलेल्या भागाला शाई लागत नाही आणि तो परत येत नाही, म्हणून वीसच्या वीस पिवळे झाल्याशिवाय पुढे कोरू नकोस, असं तीनदा म्हणाल्या. एकदा सांगितलं तरी कळतं मला.

९ जून
विषय: आईचं शिलाई मशीन. कोरताना अंगठा कापला. चित्रात जीव ओतणं म्हणतात ते हेच.

१४ जून
पिवळे पाच झाले. रोलरने शाई लावा, कागद ठेवा, प्रेसचं चाक फिरवा, वाळत घाला, पुन्हा तेच. शुद्ध कारकुनी. उरलेले पंधरा नंतर.

१५ जून
वेळ वाचवला. वीसही कागदांवर खाली नंबर टाकून सह्या करून ठेवल्या. १/२०, २/२०... सही फार भारी आलीये.

१९ जून, दुपार
मूड लागला. पुढचं कोरलं, पाचांवर लाल छापला. चार सरकले, लाल पिवळ्याच्या बाजूला पडला. आई म्हणाली, माझ्या मशीनला चाकं दोन कशी? मशीन चालू दाखवलंय, म्हटलं.

२० जून
पंधरा पिवळे करायला गेलो. पिवळा छापायचा भाग शीटवर नाहीच. मीच कोरून टाकलाय. परत कसा आणतात, असं बाईंना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

२९ जून
काळ्यानंतर एकच धड उरली. बाईंना म्हटलं, ही लावा. खाली १/२० दिसतंय, बाकी एकोणीस कुठे विचारतील, म्हणाल्या. विकल्या गेल्या सांगा, म्हटलं. हसल्या. म्हणजे तयार आहेत.

३० जून
तयार नव्हत्या. बाबा सगळ्या भिंती बघून आले. गाडीत बसताच मामाला फोन लावला. सही केलेले पंधरा कोरे कागद धाकटीने गणितं सोडवायला नेले.

१ जुलै, संध्याकाळ
मामाने आलेल्या पत्रांवर 'मिळाले'चा शिक्का मारायला बसवलं. शाई एकसारखी, दाब एकसारखा. एकशेऐंशी प्रती, एकही सरकली नाही. मुद्दाम मामाला बोलावून दाखवलं. त्याने एकेक पत्र उलटलं. म्हणाला, अरे राजा, शिक्क्यातली तारीख रोज सकाळी बदलायची असते.
सगळ्यांवर ३० जून.