डावीकडची सीट

इंदूर, ८ सप्टेंबर २०२५

ती. दादास चारूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने रचतोस, म्हणून पत्रच लिहिते. नाहीतर तुझी म्हातारी बहीण रेसमध्ये पळाली असं सगळ्या उज्जैनला सांगत सुटशील.

तर काल मी गाडी चालवली, तीही ट्रॅकवर. शेजारच्या रुचीचा हौशी ड्रायव्हर लोकांचा ग्रुप आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी पीथमपूरच्या बाजूला एक बंदिस्त ट्रॅक घेतात आणि आपापल्या घरच्याच गाड्या तिथे मनसोक्त पळवतात. रुची कधीची मागे लागली होती, की काकू, दोन वर्षं गाडी कव्हरखाली ठेवून तिचं लोणचं घालणार का? तिथे ना ट्रॉली, ना गाय, ना समोरून येणारा कोणी. शेवटी गेले. तिथपर्यंत गाडी अर्थात तिनेच नेली.

त्यांचा पहिला नियम असा, की आत एकही सुटी वस्तू नको. माझ्या गाडीतून छत्री, सतरंजी, जुन्या चपला, शेवेचा डबा असा संसार निघाला. पुढची लिंबू-मिरची सोडली. डॅशबोर्डवरचा गणपती काढताना मात्र माझा हात उचलेना. ग्रुपच्या पीयूषजींचं सियागंजात हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांनी गणपती आपल्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, काकीजी, टेन्शन नका घेऊ, हे माझ्या खिशातून बघतील, तुम्ही फक्त समोर बघा.

पहिली फेरी बैलगाडीच्या चालीने झाली. रिकाम्या ट्रॅकवर मी प्रत्येक वळणाला इंडिकेटर दिला आणि हॉर्नसुद्धा. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. दुसऱ्या फेरीत मात्र मोठ्या वळणावर मला सांवेरचं ते वळणच दिसलं. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला तुला आणताना ती बिनदिव्याची ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी आली, गाडी गरकन फिरून शेतात गेली आणि तुझ्या खांद्याचं हाड मोडलं, ते सगळं. गाडी मधोमध उभी केली आणि रडले. मागे किती तरी गाड्या थांबल्या, पण एकानेही हॉर्न दिला नाही. इंदुरात, दादा, विश्वास ठेव.

सुजय-अनुश्रीला आशीर्वाद. माया आहे तशी असू दे, रागावलास तरी.
तुझी चारू

उज्जैन, १५ सप्टेंबर २०२५

चि. चारूस अ. उ. आ.

पत्र मिळालं. हौस फिटली असेल, तर आता पुरे कर. तुझ्या वयाच्या बायका भजनी मंडळात जातात. तू हेल्मेट घालून काय करणार आहेस देव जाणे.

चिमणबागेच्या मैदानात तुला फियाट शिकवत होतो तेव्हा माझा पाय सारखा खालची पत्र्याची जमीन दाबायचा. तू चिडवायचीस, की दादा, तुझ्या बाजूला ब्रेक नाही. परवा तुझं पत्र वाचतानाही पाय तसाच दाबला गेला. सूनबाईला वाटलं पायात गोळा आला. ती तेल घेऊन धावली.

भाऊबीजेचं विचारू नकोस. गाडीत बसायचं तर माझे गुडघे दुमडत नाहीत. सुजय मला घेऊन यायला तयार आहे, त्यालाही हेच सांगितलं. ओवाळणी त्याच्याबरोबर पाठवीन.

गेलीसच पुन्हा, तर उपाशीपोटी जाऊ नकोस.
तुझा, काळजी करणारा
दादा

इंदूर, ६ ऑक्टोबर २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

काल पुन्हा गेले. मागच्या वेळी ती मंडळी माझी सगळी शेव फस्त करून बसली होती. डबा परत आला तो पीयूषजींच्या बायकोने, मधुरिमाने, केलेल्या खाऱ्या मठऱ्यांनी भरून. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे त्यांच्याकडेही आपल्यासारखंच. मग मी या वेळी चकल्या नेल्या. आता हे थांबणार कसं कोण जाणे.

पीयूषजी डावीकडे बसले. त्यांनी सांगितलं, भिंतीकडे बघाल तर गाडी भिंतीकडेच जाईल, वळण संपतं तिथे बघा. बघितलं, आणि दादा, वळण निघालं. मग आणखी निघालं. मला शाळेत पहिला नंबर आल्यावर झाला नव्हता तेवढा आनंद झाला.

मागच्या गाडीला पुढे जाऊ द्यायचं, तर तिथे खिडकीतून हात काढून बाजू दाखवतात. शंकरराव म्हणून एक रिटायर्ड बँक मॅनेजर आहेत, त्यांनी विचारलं, की इतका ताठ हात कोणी शिकवला. मी अभिमानाने तुझं नाव सांगितलं. त्यांची बायको गेल्यापासून त्यांना रविवारचीच भीती वाटते, म्हणून ते येतात. रुचीला ट्रकची वाटते. मी एकटीच भित्री नाही हे कळलं आणि फार हलकं वाटलं.

येताना गाडी मी चालवली. रुची शेजारी घोरत होती. याहून मोठं सर्टिफिकेट मला नको. भाऊबीजेला तुला न्यायला येते. डावीकडची सीट पूर्ण मागे सरकवली आहे.

वाट बघणारी,
चारू

उज्जैन, ११ ऑक्टोबर २०२५

चि. चारूस अ. उ. आ.

तुझं कौतुक वाटलं, खरंच. पण सीट मागे सरकवून गुडघे सुधारत नाहीत. आग्रह करू नकोस. पत्र छोटं आहे, तरी राग धरू नये.
दादा

इंदूर, १५ ऑक्टोबर २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

राग नाही. मी येणारच आहे. गाडी तुझ्या दाराशी बंद करून उभी करीन. तू नुसता बसून बघ. नको वाटलं, तर तिथेच गाडीत ओवाळीन आणि परत जाईन. आमच्या ट्रॅकवर कोणी मधेच थांबला, तर का थांबलास असं त्याला कोणी विचारत नाही. मीही विचारणार नाही.
तुझी चारू

उज्जैन, २७ ऑक्टोबर २०२५

चि. चारूस अ. उ. आ.

सुजयने काल सुखरूप आणून सोडलं. आज उठल्या उठल्या लिहायला बसलोय, कारण तुझ्यासमोर बोलता आलं नाही.

दारातल्या गाडीत बसलो आणि निघ म्हणालो खरा, पण एक हात दाराच्या हँडलवरच होता. दोन वर्षांत मी कुठल्याच गाडीत बसलो नव्हतो. तुझ्यावर भरवसा नव्हता असं नाही. डावीकडे बसून आपल्या हातात काहीच नसतं, त्याची भीती. निघाल्यापासून पायाने जमीन दाबून धरली होती. सांवेर जवळ आलं तसा मी शेताकडे बघायला लागलो. मग तुझ्याकडे बघितलं. तू वळणाच्या पलीकडे बघत होतीस, म्हणून मीही तिकडेच बघितलं.

पुढे तू शेवेचा डबा माझ्या मांडीवर ठेवलास. बराच रस्ता गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की डबा खरोखर मांडीवरच आहे. ज्याचे गुडघे दुमडत नव्हते, तो म्हातारा सीटवर छान मांडी घालून शेव खात होता. ब्रेक दाबायला पायच खाली नव्हता. तू ते पाहिलंस आणि एक अक्षर बोलली नाहीस. चारू, तुला केवढी समज आहे.

रविवारी मीही ट्रॅकवर येतो. शंकररावांना हात कसा दाखवायचा ते शिकवायचं आहे. गाडी रिकामी करशील तेव्हा छत्री काढ, सतरंजी काढ, गणपती पीयूषजींच्या खिशात दे. मला मात्र आत राहू दे, मी सुटी वस्तू नाही.

तुझा
दादा