ताट पुसून खाणारा पाहुणा

प्रिय ओर्नेला,

सगळ्यात आधी कोण टपकलं असेल? शेजारची फिलोमेना, दुसरं कोण! मी पडक्या देवळाच्या पायऱ्यांवर टोमॅटो वाळत घातलेल्या फळ्या उन्हाकडे वळवत होते, तर ही खालूनच ओरडत आली, अगं असुंता, दोन सायकलवाले येतायत, आणि असे रमतगमत, की चालणारा माणूस पुढे जाईल! वर म्हणते, रोमन लोकांनी सोडून दिलेले हे मोडके खांब बघायला घाम गाळत येतात, यांना घरी कामं नाहीत का? मी म्हटलं, तुला तरी कुठे आहेत. तेवढ्यात वळणावर पहिली सायकल दिसली आणि मी हातातली फळी तशीच टाकून उठले. आपली मिरेल्ला! केवढी उंच झालीय गं. हसताना मान वाकडी करते, थेट बापासारखी.

आणि तिच्या मागे तो. मिरेल्ला म्हणाली, आजी, हे एत्तोरे, आईच्या ऑफिसातले. बस, एवढंच. पण पोरीचे कान लाल झाले, आणि मी काही आंधळी नाही. ओळखलंच मी, हा तुझा माणूस. माझा निकोला गेला, तू तरुण आहेस, हे कधीतरी व्हायचंच, कळतं मला. पण सुनेनं दुसरं घर मांडलं की नात कशाला चढतेय म्हातारीची टेकडी? ही धास्ती मी उशाशी घेऊन झोपत आलेय. तू फोनवर नुसतं हवापाण्याचं बोलायचीस ना, तेव्हा तर जास्तच.

त्याने घाई काही केली नाही. सायकली सरूच्या झाडाला टेकवल्या, देवळाला एक फेरी मारली, खांबावर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, हे डायना देवीचं असावं. मी म्हटलं, असेल बाबा. सासूच्या काळापासून या देवीच्या पायऱ्यांवर टोमॅटो वाळवतेय, बिचारीने कधी तक्रार केली नाही. तो खो खो हसला. दात चांगले आहेत.

मग घरी आणलं. आपली रीत तुला ठाऊक आहे. जेवायला बस म्हटलं की पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा लाजत बसायचं. हा पडला उत्तरेकडचा! मी एकदाच विचारलं, तर म्हणतो, हो, भूक तर सपाटून लागलीय. फिलोमेनाचे डोळे कपाळात. मिरेल्लाने टेबलाखालून त्याला लाथ घातली, ती मला लागली. पुढे ऐक. पास्ता संपला, तर गडी पावाने ताट पुसून खायला लागला. लोकाच्या घरी! फिलोमेना कानाशी आली, वळण नाही गं याला. मी म्हटलं, गप, परका असता तर नको म्हणाला असता. आणि ओर्नेला, ते तोंडातून गेलं ना, तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. त्याला मी अजून वाढलं.

निघताना मिरेल्लाने मिठी मारून सांगितलं, आई रडत असते, म्हणते आजीला कोणत्या तोंडाने सांगू. तो सायकलच्या चाकात हवा भरत होता. खालमानेनंच म्हणाला, मिरेल्लाच्या सुट्ट्या इथेच जातील, ते आमचं आधीच ठरलंय. एवढं ऐकलं मात्र, किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

म्हणून हे पत्र. फोनवर मी रडले असते आणि तुला वाटलं असतं, दुःखाने. लग्न कर गं पोरी. निकोलाचा फोटो माझ्या भिंतीवर आहे, तो तिथेच राहील, तुझ्या भिंतीवर काय लावायचं ते तुझं तू ठरव. लग्नाला मी येणार, आणि काळे कपडे घालून नाही, निळा झगा उन्हात टाकलाय. आणि सॉसच्या बाटल्या भरायच्यात, माणसं हवीत. ते दोघं येत्या शनिवारी परत येतो म्हणून कबूल करून गेलेत. तिसऱ्या सायकलीचं तेवढं बघ.

तुझीच आई,
असुंता