चार्जर लावला की येणारा आवाज

मंगळवार, ३ फेब्रुवारी

चिरंजीव धाकट्यास,

भांडखोर असलास तरी ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही मजेत आहोत, तूही असशील. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहितेय. इथे तरी तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

दुकान बरं चाललंय. दुरुस्तीला टीव्ही, मिक्सर कमी झालेत, लॅपटॉप जास्त येतात. सोल्डरिंग मी आता बाबांइतकंच बारीक करते, असं मी म्हणते. बाबा म्हणत नाहीत. त्यांची तब्येत ठीक. जेवण ठीक. नाकावरचा राग तर एकदम ठणठणीत.

काल दवाखान्यातल्या नर्सबाई त्यांचा लॅपटॉप घेऊन आल्या. रात्री घरी परीक्षेचा अभ्यास करतात. तान्ही मुलगी शेजारी झोपलेली, आणि लॅपटॉप त्याच पलंगावर, चार्जरला लावलेला. म्हणाल्या, "चर्र चर्र करतो हो. भीती वाटते."

बाबांची पद्धत तुला माहीतच आहे. पंखा बंद, रेडिओ बंद, लाकडी पट्टीचं एक टोक मशीनवर, दुसरं कानाशी. पट्टी खाली येईपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही, आणि मग ते म्हणतील ते शेवटचं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "फॅन कुरकुरतोय. धूळ आहे." फॅन साफ केला, पुन्हा ऐकलं. "गेला."

गेला नव्हता रे. मला पलीकडच्या टेबलावर ऐकू येत होता, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा. मी उठून चार्जर काढला. आवाज बंद, फॅन मात्र फिरतोच आहे. लावला, पुन्हा चर्र. आपला दुसरा चार्जर लावून पाहिला, तरी तेच. पिन जराशी हलवली तर आवाज वाढला. म्हणजे फॅनही नाही आणि चार्जरही नाही. पिन जिथे बसते ते सॉकेटच आतून सुटत आलेलं, आणि तिथे ठिणगी पडतेय.

बाबा माझ्याकडे बघत होते. "काय खेळ लावलायस? मी ऐकलंय ना?"

नर्सबाईंनी लॅपटॉप पिशवीत घातला. बोलले तर गिऱ्हाइकासमोर बाबांचा कान खोटा ठरतो. गप्प बसले तर ती पिशवी त्या तान्हीच्या उशाशी जाते. त्या पायरी उतरायला लागल्या आणि मी पिशवीचा बंदच धरला.

"थांबा. आत ठिणगी पडतेय. मी उघडून दाखवते."

"खाली ठेव ते!" बाबा असे ओरडले की समोरचा शिंपी बाहेर आला. मी स्क्रू काढतच राहिले. आत काही निघालं नसतं, तर पुन्हा त्या दुकानात उभं राहायची माझी सोय नव्हती.

सॉकेटचे सोल्डरिंगचे टाके तडकले होते. भोवतीचं प्लास्टिक करपून तपकिरी झालेलं. बाबांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग नर्सबाईंना म्हणाले, "मशीन इथेच राहू द्या. चुकलं माझं."

असं वाक्य त्यांच्या तोंडून तू कधी ऐकलंयस? मला रडूच फुटलं.

त्या गेल्यावर बाबांनी विचारलं, "खरंच आवाज येत होता?"

"हो, बाबा."

"तुला तिथून ऐकू आला?"

"हो."

पट्टी बाजूला ठेवत म्हणाले, "फॅनचं मी अंदाजानेच बोललो. मला वाटायचं, ही नवी मशीनं गुपचूपच चालतात."

धाकट्या, त्यांना ऐकू येत नाही. बारीक आवाज तर नाहीच, आणि फोनवरचं बोलणंही जवळजवळ नाहीच. तू भांडून गेलास तेव्हापासून तुझा फोन आला की ते "बरं, बरं" म्हणून तो माझ्या हातात देतात, आणि तू म्हणतोस, अजून धड बोलत नाहीत माझ्याशी. मीही तेच समजत होते, याचं फार वाईट वाटतंय.

तुला कळवायचं नाही अशी मला ताकीद आहे. म्हणाले, "रागावलाय तर रागावू दे. पण बहिऱ्या बापाची कीव येऊन तो दारात उभा राहिला, तर मला खपणार नाही."

म्हणून कीव घेऊन येऊ नकोस. भांडायलाच ये. त्यांच्या अगदी समोर बस, आणि जरा मोठ्याने भांड.

तुझी वाट पाहणारी,
ताई