‘विधवा’ हा शब्द खोडून

…हा शब्द मी माझ्या हाताने खोडला आहे आणि बाजूला सही केली आहे. वकिलांनी ‘मयत मुलगा ऋषिकेश याची विधवा समिधा’ असे लिहिले होते. तिथे ‘माझी सून समिधा’ असे वाचावे. तिला पोशीरहून मागणी आली आहे, आणि ती होकार देणार आहे. लग्न झाले की तो शब्द खोटा ठरेल. शब्दाबरोबर हक्कही गेला, असे कोणी म्हणायला नको.

मी जयवंता गोपाळ भोईर, राहणार कडाव, तालुका कर्जत. डोळ्यांना कमी दिसते, डोके ठीक आहे. हे मृत्युपत्र माझ्याकडून कोणी सांगून लिहून घेत नाही.

घर आणि भातशेत धाकटा मुलगा साईराज याला.

मिरची कांडपाचे यंत्र समिधाला, ती कुठेही नांदो. महिलांना धंद्यासाठी मिळणाऱ्या अनुदानातून ते आले. माझे मालक गोपाळ वारल्यावर त्यावर मुले शिकली. ऋषिकेश गेला तेव्हा मी अंथरुणाला खिळले होते. समिधाने यंत्र बंद पडू दिले नाही, म्हणून चूल पेटत राहिली. अनुदान मंजूर करणाऱ्यांची नावे मला ठाऊक नाहीत. त्यांचे भले होवो.

साईराजने विचारले, “वयनी दुसऱ्या घरी गेली तं यंत्र पण जाणार का गं?”

“जाईल. टेंपो तूच आणायचा हाय, रं.”

तो हसला नाही.

माझी पितळी परात गावातली मैत्रीण रुकय्या हिला. दीर आबाजी यांनी ओटीवर यंत्र बसवू दिले नाही, तेव्हा तिने आपली शेड दिली आणि भाड्याचा विषय काढू दिला नाही.

आबाजी भावजी तेव्हा म्हणाले होते, बाईच्या हातात मुसळ शोभते, मोटर नाही. घरातले मुसळ त्यांना द्यावे. उखळ देऊ नये. वर्षाचा मसाला मात्र त्यांच्याकडे जातो तसा जात राहावा. जेवताना ते मसाल्याचे कौतुक करतात, असे जाऊबाई सांगतात.

सही : जयवंता गोपाळ भोईर
साक्षीदार : १. सुनिता जितेश ठोंबरे, शेजारीण
२. आबाजी भोईर (मुसळाचे कलम वाचून सही केली)
कडाव, १४ मार्च २०२५

दुसऱ्या दिवशीची माझी नोंद : सकाळी पोशीरची माणसे आली. शेडसमोर बाया मिरच्या घेऊन बसल्या होत्या. समिधाने त्यांचे कांडप आधी उरकले. तोवर साईराजने पाहुण्यांना चहा दिला आणि यंत्र वहिनीचे आहे, असे आपणहून सांगितले.