आधी संपादक, की आधी ताई?

ती. ताईस,

कोपरापासून नमस्कार, आणि या खेपेला कपाळही जमिनीला टेकवलं आहे असं समज. तुझा गुडघा कसा आहे? जिन्याने चढउतार करू नकोस म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, ते तू ऐकत नसशीलच. भावजींचा खोकला थांबला का? इकडे सगळ्यांच्या तब्येती उत्तम आहेत. मला तेवढं अन्न गोड लागत नाही, पण त्याला आजार म्हणत नाहीत, लाज म्हणतात. (हे हिचं वाक्य. मला इतकं नेमकं लिहिता आलं असतं तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.)

सोमवारपासून तू केलेला एकही फोन मी उचलला नाही. दुकानात गर्दी आहे असं मी हिला सांगायला लावलं. गर्दी नव्हती. मी काउंटरमागे स्टुलावर बसून एकच चष्मा पुसत होतो. आता सगळं सांगतो, मधे थांबवू नकोस. पत्र लिहिण्याचा तेवढाच फायदा आहे.

कादंबरी संपत आली तेव्हा मी तुला विचारलं होतं, की हस्तलिखित आधी थेट संपादकांकडे धाडावं, की लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी बोलणाऱ्या तुझ्यासारख्या एजंटच्या हातात द्यावं. तू हातातलं काम टाकून मला समजावलंस. संपादकाने एकदा नाही म्हटलं की ते दार बंद, मग त्याच दारावर एजंटने पुन्हा थाप मारायची म्हणजे दोघांचीही शोभा. तेव्हा आधी एजंट. ‘माझ्याकडे दे,’ म्हणालीस, ‘पण बहीण म्हणून वाचणार नाही हं.’ मी ‘अर्थात, अर्थात’ म्हटलं. ताई, तो दुसरा ‘अर्थात’ तोंडातून बाहेर पडेपर्यंत माझी पाचावर धारण बसली होती. परक्याने नाही म्हटलं तर त्याला वाचता येत नाही असं म्हणून मोकळं होता येतं. तू नाही म्हणालीस तर मला ते खरं मानावं लागलं असतं. (पहिलीत मी हत्ती काढला होता, तेव्हा तू ‘टेबल छान जमलंय’ म्हणालीस. मी अजून हत्ती काढत नाही.) म्हणून कादंबरी पुरी होऊनही मी तुला ‘अजून थोडं राहिलंय’ असं सांगत राहिलो.

अशात एक दिवस दुकानात एक बाई आल्या. जुन्या चष्म्याची दांडी तुटलेली, ती चिकटपट्टीने बांधलेली. नंबर बदलला असेल, म्हणाल्या, दिवसभर वाचायचंच काम असतं. मी सहज विचारलं, कसलं वाचन? त्या म्हणाल्या, कादंबऱ्यांचं, मी संपादक आहे. आणि प्रकाशनाचं नाव सांगितलं. ताई, माझ्या हातातली डबी खाली पडली. मी त्यांना सांगितलं की आज यंत्र बिघडलंय, परवा या. यंत्राला काहीही झालेलं नव्हतं. मला तयारीला वेळ हवा होता.

तयारी काय केली, ते लिहिताना कान गरम होताहेत. जवळचं वाचता येतं का हे पाहण्यासाठी आम्ही गिऱ्हाइकाच्या हातात एक कार्ड देतो. वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. त्यावर साधा मजकूर असतो, घर, झाड, गाय असा. मी तसंच एक नवं कार्ड छापून आणलं. त्यावर माझ्या कादंबरीचं पहिलं पान होतं.

बाई आल्या. मी त्यांच्या नाकावर नंबर तपासायची ती जड गोल फ्रेम चढवली, आणि हातात पहिलं पान दिलं. त्या मोठ्याने वाचू लागल्या. दुसऱ्याच्या तोंडून आपलं वाक्य ऐकण्यात काय सुख असतं म्हणून सांगू! मी भिंगं बदलत होतो ती निव्वळ त्यांनी पुढे वाचावं म्हणून. मधेच त्या थांबल्या.

“दिसत नाही का?” मी विचारलं.

“दिसतंय. दिसतंय म्हणूनच थांबले. दुसरं कार्ड नाही का तुमच्याकडे? याने त्रास होतो.”

“अक्षरांचा?”

“छे, अक्षर सुरेख आहे.”

इथे शहाण्या माणसाने घर-झाड-गायवालं कार्ड काढलं असतं. मी मात्र एकामागून एक भिंगं घालत राहिलो आणि दर वेळी ‘आता बरं वाटतंय? आता?’ असं केविलवाण्या आवाजात विचारत राहिलो. शेवटी एका भिंगाला त्या म्हणाल्या, “हो, हे पुष्कळ बरं आहे.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोच नंबर लिहून घेतला. (त्या भिंगातून त्यांना मजकूर धड दिसत नव्हता, हे मला फार उशिरा समजलं.) चष्मा न्यायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, जरा गरगरतंय. मी म्हटलं, नव्या नंबरची सवय व्हायला वेळ लागतो. हे वाक्य मी रोज म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

मग रविवारी तुझा फोन आला. तुझ्या त्या निवृत्त मास्तरांची कादंबरी परत आली होती. दोन वर्षं तू त्यांच्याबरोबर बसून ती घासूनपुसून घेतलीस, आणि तुझ्या भरवशाच्या संपादकबाईंनी एका ओळीत ती परत पाठवली, की वाचताना डोकं दुखू लागतं. मास्तरांनी लिहायचं टेबल शेजाऱ्यांना देऊन टाकलं, हे सांगताना तुझा आवाज बदलला. तू प्रकाशनाचं नाव सांगितलंस, ते तेच होतं, माझ्या चष्म्यावाल्या बाईंचं. तरी मी काय बोललो? ‘जाऊ दे ताई, या लोकांना दिसतं कुठे!’ एवढं खरं वाक्य मी चारशे पानांच्या कादंबरीत कुठेही लिहिलेलं नाही.

मंगळवारी बाई कपाळ दाबत दुकानात हजर. मी साध्या कार्डावर पुन्हा नंबर काढला. चांगला एका नंबराचा फरक होता. कंपनीची चूक आहे, असं मी म्हणू शकलो असतो. म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण ही काउंटरवर पावती फाडत उभी होती, आणि तिने नुसती मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. कार्ड दाखवलं. बाईंनी नवा चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

“म्हणजे गेले पंधरा दिवस मी जे वाचलं...”

“माझ्यामुळे गरगरलं.”

“अहो, मी एका म्हाताऱ्या माणसाची कादंबरी परत पाठवली आहे! मला वाटलं, ओळीच हलताहेत!”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत खाली बसल्या आणि रुमालाने डोळे टिपू लागल्या. मीही उभा होतो तिथेच रडलो. हिने दोघांना पाणी दिलं आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. ताई, मी तुझा विश्वास मोडला याची लाज आहेच. पण मास्तर आता कुठे बसून लिहीत असतील, की लिहीतच नसतील, हे मनात आलं की मला कुठे तोंड लपवावं कळत नाही. तू मला काय बोलायचं ते बोल. मी आता फोन उचलीन.

तुझा धाकटा,
(भाऊ म्हणायचं की नाही ते तू ठरव)

ता. क. : खरं काम राहिलंच. बाईंना योग्य नंबरचा चष्मा करून दिला आहे. त्यांनी मास्तरांची कादंबरी पुन्हा मागितली आहे, पहिल्यापासून वाचणार आहेत, आणि मास्तरांना स्वतः पत्र घालणार आहेत. तू आजच पाठव. आणि शेजाऱ्यांकडून टेबल परत आणायला माणूस लागला तर मी येतो, चारही पाय धरून.

ता. क. २ : माझ्या कादंबरीचा विषय मी काढणार नाही. तुझं पहिल्यापासून बरोबर होतं, आधी एजंट. तू मागितल्याशिवाय मी एक पानही पाठवणार नाही, आणि तू कधीच मागितली नाहीस तरी मनात काही ठेवणार नाही.

ता. क. ३ : वरचं वाक्य सकाळी लिहिलं तेव्हा मनापासून होतं. दुपारी कुरियरवाला त्याचा चष्मा न्यायला आला, आणि तुमच्याच भागात निघाला होता. पार्सल जड आहे. भावजींना घ्यायला सांग, तू गुडघ्यावर जोर देऊ नकोस.